झाकली मूठ

बोललं की मन हलकं होतं, असं सगळेच म्हणतात. माझी आई आठ-नऊ वर्षं बोलत होती. आत्याशी बोलायची, मामाशी फोनवर बोलायची, दोरीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या काकूंशी बोलायची, आणि मी आठवीत गेल्यावर माझ्याशीही बोलायला लागली. हलकं काही झालं नाही. उलट दर वेळी ती थोडं जास्तीचं ओझं घेऊन परत यायची. आत्या म्हणायची, "वहिनी, तुम्ही जरा गोडीनं घेतलं तर दादा कशाला पितोय?" मामा म्हणायचा, "ये निघून," आणि लगेच पुढच्या वाक्यात, "पण पोरीच्या लग्नाचं काय, त्याचा विचार कर." काकू सल्ला द्यायच्या नाहीत. त्या "अरेरे" म्हणायच्या, आणि संध्याकाळपर्यंत ती हकीकत गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानात पोचलेली असायची.

मग आईने बोलणं बंद केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याकडे शहाणपण म्हणून सांगतात. ज्या घरात कुणी पितं, त्या घरात मूठ झाकून ठेवणं हे पूर्ण वेळचं काम असतं. पप्पा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. माग अडला की जॉबरला हाक जाते, आणि पप्पांच्या हाताला गुण होता असं कारखान्यातले लोक अजून सांगतात. पगार आठवड्याचा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते उठू शकले नाहीत की आई दिवाणजींना फोन करून ताप आल्याचं सांगायची. मी मैत्रिणींना घरी बोलवायची नाही. गेटची कडी कशी वाजते त्यावरून आज किती झालीय ते मला कळायचं, आणि त्याच आवाजावर धाकटा भाऊ झोपल्याचं सोंग घ्यायचा. हे असलं काही फक्त आमच्याच घरात चालतं, असं मला सतरा वर्षांची होईपर्यंत वाटत होतं.

२०१५ च्या पावसाळ्यात आई बीपी तपासायला गेली होती. तिथल्या एका सिस्टरने चिठ्ठीवर एक नंबर लिहून दिला आणि म्हणाली, "इथं मीटिंग असतीया बघा." आई म्हणाली, "ते न्हाई यायचे." सिस्टर म्हणाली, "त्यांच्यासाठी न्हाई. तुमच्यासाठी."

ती मीटिंग अल-अनॉनची होती. दारू पिणाऱ्यांची मीटिंग म्हणजे ए.ए., अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, हे नाव अनेकांना सिनेमातून तरी माहीत असतं. अल-अनॉन ही त्यांच्या घरच्यांची. घरातला माणूस पिणं सोडो न सोडो, घरच्यांनी यायचं. आमच्याबाबतीत हे शब्दशः खरं ठरलं, कारण आई जायला लागली त्यानंतर पप्पा आणखी दोन वर्षं पीत होते.

संध्याकाळी एकटीने एसटीने जायला आई तयार नव्हती, म्हणून मी बरोबर जायचे. कुठल्या गावात आणि कुठल्या शाळेत ते लिहीत नाही, तिथल्या कुणाचं नावही लिहीत नाही. तसं ठरलेलंच आहे. एवढं सांगते की तो प्राथमिक शाळेचा वर्ग होता, बाक तिसरी-चौथीच्या पोरांचे होते, आणि सगळ्या बायका गुडघे तिरके करून बसल्या होत्या. आठ बायका आणि एक आजोबा, ज्यांचा मुलगा पीत होता. फळ्यावर पोरांचा गृहपाठ तसाच होता. नियम सांगितले गेले: नाव फक्त पहिलं सांगायचं, आपल्यापुरतं बोलायचं, दुसरं कुणी बोलत असताना मधे बोलायचं नाही, बोलून झाल्यावर सल्ला द्यायचा नाही, इथलं ऐकलेलं इथेच ठेवायचं. बोलायचं नसेल तर "पास" म्हणायचं. चहाच्या आणि खोलीच्या खर्चासाठी एक डबा फिरला, जमेल तेवढं टाका, नसेल तर टाकू नका.

पहिल्याच दिवशी एक काकू म्हणाल्या की त्या नवऱ्याच्या पगाराचे पैसे तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. एका रात्री नवऱ्याने अख्खा डबा स्वयंपाकघरात उपडा केला. पैसे सापडले नाहीत, कारण त्या दिवशी त्यांनी ते ज्वारीच्या डब्यात हलवले होते. नवरा तांदळाच्या ढिगात बसून रडायला लागला, आणि या शेजारी बसून तांदूळ भरता भरता त्यातले खडे निवडत होत्या. "म्हटलं, आता सांडलेतच तर निवडून तरी ठेवूया."

आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली. आमचाही तांदळाचाच डबा होता. त्या काकूही हसल्या, आजोबासुद्धा हसले. मी त्या वर्गात अवघडून बसले होते, मला ते हसणं विचित्र वाटलं. इतक्या वाईट गोष्टीला कुणी हसतं का? आता वाटतं की आमच्या घरावर त्याआधी जे जे पडलं होतं ते सगळं "अरेरे" होतं. "अरेरे" म्हणणारा माणूस काठावर उभा असतो. हसणारी बाई तुमच्याबरोबर तांदळात बसलेली असते.

आईने पहिल्या तीन शनिवारी "पास" म्हटलं. चौथ्या शनिवारी ती बोलली. मला वाटलं होतं ती मारहाणीबद्दल बोलेल, किंवा विकलेल्या पाटल्यांबद्दल, म्हणजे जे आत्याला आणि मामाला सांगून झालं होतं त्याबद्दल. ती म्हणाली की एका रात्री दोन वाजले तरी हे आले नव्हते, मी दाराशी बसले होते, आणि माझ्या मनात आलं की फोन यावा. ॲक्सिडेंट झालाय, असा फोन यावा. कायमचं मिटावं. मग कडी वाजली आणि ते आले, आणि मला बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटलं.

एवढं बोलून ती थांबली. कुणी काही म्हणालं नाही. "असं बोलू नये" म्हणालं नाही, "तुमची काय चूक" असंही म्हणालं नाही. चार-पाच सेकंद गेली असतील. मग पुढच्या बाईने स्वतःचं नाव सांगितलं आणि स्वतःचं बोलायला सुरुवात केली, तिच्या घरातल्या लाईट बिलाबद्दल काहीतरी. मीटिंग संपल्यावर चहाच्या वेळी तांदळाच्या डब्यावाल्या काकू आईजवळ आल्या. त्यांनी आईच्या हातात कप दिला आणि एकच शब्द म्हणाल्या, "मलाबी."

एसटीत आई खिडकीला डोकं टेकून झोपली. ती प्रवासात कधी झोपत नाही.

त्या शब्दाचा मी नंतर बराच विचार केला. आईचं आठ-नऊ वर्षांचं बोलणं आणि त्या दिवसाचं तीन मिनिटांचं बोलणं यात फरक कसला होता? दुःख तेच होतं, बाई तीच होती. ऐकणारे वेगळे होते. घरच्यांना सांगताना प्रत्येक हकिकतीच्या शेवटी एक प्रश्न लोंबकळत असायचा, की आता काय करायचं? ऐकणाऱ्याला वाटायचं की आपल्याला उत्तर द्यायला हवं. उत्तर नसलं की तो चिडायचा, आणि ती चीड फिरून आईवरच यायची. वर्गात बसलेल्यांना उत्तर द्यायचं नव्हतं. त्यांना फक्त आपापली पाळी आल्यावर आपापलं सांगायचं होतं.

ए.ए.ची सुरुवात याच गोष्टीतून झाली, हे मला पुढे वाचताना कळलं. बिल विल्सन हा न्यूयॉर्कमधला शेअर बाजारातला माणूस. १९३४ च्या डिसेंबरमध्ये त्याची दारू सुटली. त्यानंतर पाचेक महिने तो दिसेल त्या दारुड्याला गाठून सोडायला सांगत होता, आणि त्यातला एकही सुटला नाही. तो वैतागला, तेव्हा त्याच्या बायकोने, लोइसने, त्याच्या लक्षात आणून दिलं की दुसरं कुणी सुटलं नसेल, पण तू स्वतः अजून प्यायलेला नाहीस. पुढे १९५१ मध्ये हीच लोइस अल-अनॉनच्या संस्थापकांपैकी एक झाली. मला या सगळ्या इतिहासातली ती सगळ्यात हुशार व्यक्ती वाटते, पण ते असो.

१९३५ च्या मे महिन्यात बिल एका व्यवहारासाठी ओहायोतल्या ॲक्रन गावात गेला. व्यवहार फसला. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार गजबजलेला, आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो फोनकडे गेला. मला उपदेश करायला एखादा पाद्री द्या, असं त्याने म्हटलं नाही. मला बोलायला दुसरा एखादा दारुडा हवाय, असं त्याचं मागणं होतं. फोनाफोनी होता होता त्याला डॉ. बॉब स्मिथ नावाचा सर्जन सापडला, ज्याचे हात दारूने थरथरायचे. डॉक्टर उपदेश ऐकून ऐकून कंटाळलेला, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाही असं ठरवून आला होता. दोघे संध्याकाळी पाचला बसले ते रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले. बिलने या वेळी सोड म्हणून सांगितलं नाही. स्वतःचं काय झालं तेवढं सांगितलं. त्या वर्षीचा १० जून हा डॉक्टरचा शेवटचा पेला मानतात, आणि तोच ए.ए.चा वाढदिवस.

म्हणजे जगभर पसरलेल्या या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी असं आहे की एका माणसाला स्वतःच्या जिवासाठी आपली गोष्ट कुणाला तरी सांगायची होती. ऐकणाऱ्याचं भलं करायचं म्हणून तो निघाला होता तेव्हा काही जमलं नाही. ऐकणाऱ्याची आपल्याला गरज आहे हे कळल्यावर जमलं.

यात भाबडेपणा किती आणि खरं किती, असा प्रश्न मलाही पडायचा, कारण देव-प्रार्थना वगैरे भाग मला फारसा झेपत नाही. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसांची माहिती एकत्र तपासली. ए.ए.च्या वाटेवर नेणारे उपचार घेतलेल्यांमध्ये पूर्णपणे दारूपासून लांब राहणाऱ्यांचं प्रमाण इतर मानसोपचारांइतकं किंवा त्याहून बरं निघालं. जादू नाही. पण आत्याच्या सल्ल्यापेक्षा नक्कीच बरं.

आपल्याकडे याला नाव नव्हतं, पण जागा होती. माझी आजी, आईची आई, पहाटे जात्यावर बसायची. जातं ओढायला समोरासमोर दोघी असल्या की बरं पडतं. घर झोपलेलं, अंधार, दोघींचे हात खुंट्याला, तोंडाकडे बघायची गरज नाही. सासूपुढे दिवसा जे बोलायची सोय नव्हती ते ओवीत बोललं जायचं. आणि ओवीतलं 'मी' कुणाचंही असू शकायचं. हे दुःख माझं की गाणं असंच आहे, हे विचारायला कुणी येत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गिरणी आली आणि पाठीचं दुखणं गेलं, हे फार चांगलं झालं, जात्याबद्दल मला कसलाही उमाळा नाही. फक्त पीठ गिरणीत गेलं तेव्हा ती बोलायची जागाही गेली, आणि तिच्याऐवजी बराच काळ काही आलं नाही.

आता आलंय ते वेगळंच. मोबाईल उघडला की कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघून आपलं सगळ्यात वाईट वर्ष सांगत असतं. मी ते बघते, त्यातल्या काहींनी मला आधार दिलाय, म्हणून तुच्छतेने बोलणार नाही. पण वर्गातली खोली आणि हे एकच, असं मला वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात व्यसनमुक्तीचा एक कार्यक्रम होता. संयोजक घरी आले. आईने स्टेजवर येऊन आपला अनुभव सांगावा, फ्लेक्सवर फोटो लावू, साडी-नारळ देऊन सत्कार करू. हेतू चांगला होता. आई नको म्हणाली. मी तिला नंतर विचारलं, वर्गात तर बोलतेस, मग इथे काय झालं? ती म्हणाली, "तिथं माझ्यानंतर दुसरी बोलती. इथं माझ्यानंतर आमदार बोलणार."

मला यावर अजून कुणी याहून चांगलं भाष्य केलेलं आढळलं नाही. स्टेजवर एकजण उघडी होते आणि बाकीचे खुर्चीत झाकलेले राहतात. शिवाय स्टेजवरच्या गोष्टीला शेवट लागतो. टाळी पडायला हवी, म्हणून बाई जिंकलेली असायला हवी. वर्गात एखादी येऊन म्हणू शकते की या आठवड्यात काहीही सुधारलं नाही, आणि लोक मान हलवतात.

आणि वेळेचाही प्रश्न आहे. मोठा अपघात किंवा आपत्ती झाली की लगेच माणसांना बसवून सगळं बोलतं करायचं, अशी पद्धत एके काळी फार चालायची. तिचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की असल्या एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. म्हणून आता जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत बोलण्यासाठी आग्रह करू नका असं सांगितलंय. पाणी द्या, सुरक्षित जागी न्या, घरच्यांशी गाठ घालून द्या, बोलायचं असेल तर ऐका. "पास" म्हणायची मुभा ही त्या वर्गातली सौजन्याची गोष्ट आहे असं मला वाटायचं. ती खरं तर औषधाचा भाग होती.

ऐकायला कुणीच नसेल तर? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. काहींनी फक्त काय घडलं ते लिहिलं, काहींनी फक्त काय वाटलं ते, काहींनी दोन्ही. ज्यांनी दोन्ही लिहिलं ते पुढच्या महिन्यांमध्ये दवाखान्यात कमी वेळा गेले. पण लिहिल्यावर लगेच मात्र त्यांना जास्त वाईट वाटत होतं. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम सगळीकडे एवढा ठळक दिसला नाही. तरी पुण्यात हॉस्टेलवर असताना मी हे करून पाहिलं. चौथ्या दिवशी माझ्या वहीत भावाचं झोपेचं सोंग आलं, त्याच्या पापण्या कशा हलायच्या ते आलं, आणि मी त्याला रात्री साडेअकराला फोन केला. तो म्हणाला, "तुला म्हाईत हुतं व्हय?" त्याला वाटायचं त्याचं सोंग बेमालूम होतं.

पप्पांचं सांगायचं तर त्यांची गोष्ट त्यांची आहे, मी काठाकाठाने सांगते. ते आधी एका केंद्रात होते, जिथे कोंडून ठेवायचे आणि मारायचे. तिथून सुटले त्या संध्याकाळी प्याले. २०१७ च्या मार्चमध्ये ए.ए.चे एक रिक्षावाले काका आमच्या कट्ट्यावर येऊन बसले. दोन तास बसले. त्यांनी पप्पांना एकही प्रश्न विचारला नाही, सोडा म्हणून सांगितलं नाही. स्वतःची रिक्षा कशी गेली, मुलीच्या बारशाला कसे गटारात पडले होते, हे सांगत राहिले. पप्पा नंतर म्हणाले, "मला कायबी न विचारणारा पहिला माणूस." ॲक्रनची हकीकत रिक्षावाल्या काकांना माहीत होती की नाही कोण जाणे. पण त्यांनी एक गोष्ट डॉक्टरवर सोडली, आणि हे इथे मुद्दाम लिहिते: खूप वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. पप्पांचे पहिले आठ दिवस दवाखान्यात गेले. मग मीटिंग. गोष्टी सांगून शरीरातली दारू उतरत नाही.

तसंच, गोष्टी सांगून मारणारा हात थांबत नाही. आईच्या गटात एकदा एक बाई प्लास्टर घालून आली. त्या दिवशी तिचं ऐकून घेतलं गेलं, नेहमीसारखंच, सल्ला न देता. पण मीटिंग संपल्यावर दोघींनी तिला बाजूला घेतलं, महिलांच्या हेल्पलाईनचा १८१ नंबर तिच्या मोबाईलमध्ये पार्लरच्या नावाने सेव्ह करून दिला, आणि एकजण तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेली. नियम खोलीपुरता होता, माणुसकीपुरता नव्हता.

पुण्याच्या मुक्तांगणबद्दल मी पुढे वाचलं. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं हे केंद्र. तिथे स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं नव्याने आलेल्यांबरोबर काम करतात, आणि रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. ते वाचताना मला आश्चर्य वाटलं नाही. रिक्षावाल्या काकांना जे दोन तासांत जमलं ते एखाद्या शिकलेल्या माणसाला वर्षभरात जमलं नसतं, कारण त्याच्याकडे गटारात पडल्याची गोष्टच नसती. आईच्या आयुष्यातली ती वर्षं वाया गेली असं मी समजत होते. ती अजून वाईटच वर्षं आहेत, त्यांना मी चांगलं म्हणणार नाही. पण ती आता वापरात आहेत, एवढं खरं.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात अवघड प्रश्न हाच होता की यातलं माझं किती. माझी आठवण माझी आहे, पण ॲक्सिडेंटचा फोन आईचा आहे, कट्टा पप्पांचा आहे, पापण्या भावाच्या आहेत. म्हणून मी दिवाळीत मजकूर मोबाईलवर घेऊन घरी गेले. भावाने वाचून "ठीकाय" म्हटलं. आईला मी वाचून दाखवलं. त्या फोनच्या परिच्छेदाशी मी थांबले आणि म्हटलं, हे काढते. ती म्हणाली, "ते न्हाई काढायचं. बाकीचं काढ हवं तर. ते वाचून एखादी रात्री झोपंल तरी."

पण ते पप्पांनी वाचायच्या आधी त्यांना तिने स्वतः सांगायला हवं होतं, आणि ते तिने मला वाटेतून बाजूला करून सांगितलं. मी आतल्या खोलीत होते. मला फक्त पप्पांचं बोलणं ऐकू आलं. "मी बी गाडीला किक मारताना तेच म्हणायचो," ते म्हणाले. पुढे बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. मग आईने चहा टाकल्याचा आवाज आला.

पप्पांनी पूर्ण मजकूर दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल डोळ्यांजवळ धरून. दोन वाक्यं काढायला लावली. ती काढली आहेत. जॉबरच्या हाताला गुण होता असं मी लिहिलंय, तिथे त्यांनी "होता न्हाई, हाय" असं सुचवलं. ते मी तसंच ठेवलंय, कारण कारखान्यातले लोक भूतकाळातच बोलतात, पण त्यांचा आक्षेप नोंदवते.

त्याच सुट्टीत शेजारच्या घरातली नवी सून विरजण मागायला आली. वाटी घेऊन दारात उभी राहिली, विरजण मिळाल्यावरही उभी राहिली. दीड महिन्यात ती चौथ्यांदा विरजण मागायला आली होती, आणि त्यांच्या घरी म्हैस आहे. आईने तिला आत बोलावलं, काही विचारलं नाही. मला भाजी निवडायला बसवलं, स्वतः तिच्यासमोर बसली आणि तांदळाच्या डब्याची गोष्ट सांगायला लागली. काकूंची नव्हे, आमच्या घरातली. सून खाली मान घालून ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "मग पैसे कुठं ठेवलेलं?"

आईने सांगितलं. मग शनिवारी साडेपाचची एसटी असते, तेही सांगितलं.